बेचाळीस खांब आणि एक झाडू

माझ्या झाकणावर तीन लांब ओरखडे आहेत, माझी दोन बटणे कधीच निखळून गेली आहेत आणि माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून इकडे बघते. मित्रांनो, एवढ्यावरून तुम्ही ओळखले असेलच. मी एक जुना लॅपटॉप आहे. भंडारा जिल्ह्यात, करडीहून बरेच आत, एका मोठ्या तलावाच्या पारेखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, पाणी वापर संस्थेची एका खोलीची कचेरी आहे. तिथल्या लोखंडी टेबलावर माझा मुक्काम असतो. गावाचे नाव मी सांगणार नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्याने संस्थेच्या ताराचंदभाऊंना अजूनही लाज वाटते.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी नागपुरात एका विमावाल्या साहेबांच्या टेबलावर होतो. तेव्हा माझे अंग चकचकीत होते, बॅटरी चार तास टिकत होती आणि साहेब मला मऊ पिशवीतून नेत-आणत. पाच वर्षांनी त्यांनी नवा, माझ्या निम्म्या जाडीचा लॅपटॉप घेतला आणि मी भंडाऱ्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात फळीवर जाऊन बसलो. माझ्या एका बाजूला बिघडलेला प्रिंटर आणि दुसऱ्या बाजूला बिघडलेला प्रिंटर, अशी माझी दोन वर्षे गेली. ते दोघे एकमेकांशीसुद्धा बोलत नसत.

मग एक दिवस संस्थेचे अध्यक्ष मारोतराव दुकानात आले. त्यांनी फळीवरचे चार लॅपटॉप एकेक करून हातात तोलले, आणि मला उचलल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"हा घेतो. वजनदार आहे. टिकते."

असा मी गावात आलो. पहिले वर्षभर माझ्याकडून काही काम म्हणून कोणी घेतले नाही. मारोतराव माझ्या झाकणावर खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पन्नी ठेवत. संस्थेचे सचिव ताराचंदभाऊ मात्र मायाळू माणूस. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला आणि मी तापून बंद पडू लागलो, तेव्हा त्यांनी माठाला गुंडाळतात तसे ओले पोते माझ्याभोवती गुंडाळले. त्यांचे प्रेम खरे होते, पण त्या प्रेमाने माझी दोन बटणे गेली.

माझे नशीब उघडले ते मेघामुळे. मेघा याच गावची. कॉम्प्युटर शिकून भंडाऱ्यात नोकरी करते आणि रविवारी घरी येते. तलावाचे पाणी कोणत्या शेतकऱ्याला किती वेळा मिळाले, हे सगळ्यांना एका नजरेत दिसावे, अशी तिची इच्छा होती. वहीतले आकडे फक्त ताराचंदभाऊंना समजत आणि कधी कधी त्यांनाही समजत नसत. मेघाला माझ्या पडद्यावर बेचाळीस शेतकऱ्यांचे बेचाळीस खांब उभे करायचे होते. ज्याला जितक्या पाणपाळ्या मिळाल्या तितका त्याचा खांब उंच. याला ती डॅशबोर्ड म्हणायची.

सुरुवातीला तिने सगळी सामग्री थेट माझ्या पोटात भरली आणि मला अपचन झाले. आकडे सांभाळणाऱ्या प्रोग्रामला सामग्रीची जी आवृत्ती हवी ती चित्रे काढणाऱ्याला चालत नव्हती. एक सुरू झाला की दुसरा रुसून बंद पडे. एका चुलीवर दोन सुना, दुसरे काय! शेवटी मेघाने वेगळे घर थाटायचे ठरवले. तिने कंटेनर वापरायला घेतले. म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या मीठमिरचीसकट एका बंद डब्यात घालायचे. माझ्या पोटात तीन डबे बसले. एकात आकडे सांभाळणारा, एकात खांब काढणारा आणि तिसऱ्यात तो पडदा, ज्यावर लोक बघतात आणि नवे आकडे भरतात. आपापली चूल, आपापले भांडे. त्या दिवसापासून माझ्या पोटात शांतता आहे.

हे डबे इंटरनेटवरून उतरवून घ्यायला मला तीन रविवार तलावाच्या पारेवर नेऊन बसवावे लागले, कारण गावात नेटवर्क तिथेच येते. एकदा उतरले की मात्र पुढे इंटरनेटची गरज नाही. सगळा कारभार माझ्या पोटातच चालतो. ही गोष्ट ताराचंदभाऊंना काही केल्या पटेना. त्यांनी पडद्यावरचा पत्ता फोनवरून अड्याळच्या साळ्याला सांगितला आणि "पाह्य आमचा डॅशबोर्ड" म्हणाले. तो बिचारा दुपारभर आपल्या मोबाइलवर तो पत्ता टाकत बसला. संध्याकाळी त्याने फोन करून सांगितले, "भाऊजी, तुमच्या गावात काहीच दिसून नाई राहिलं."

मेघाने ताराचंदभाऊंना सगळे त्यांच्या भाषेत समजावून सांगितले होते.

"काकाजी, डब्याची चिंता करू नका. डबा बिघडला तं मी दुसरा आणून ठेवीन, पाच मिनिटाचं काम. आपले आकडे डब्यात नाई राहत. ते बाहेर कोठीत राहतात. कोठी जपा म्हणजे झालं."

धान साठवायची कोठी प्रत्येक घरात असते, त्यामुळे ताराचंदभाऊंना ते चटकन कळले. जरा जास्तच चांगले कळले, हे पुढे तुम्हाला दिसेल. मेघाने भिंतीवर एक पुठ्ठा चिकटवून त्यावर तीन हुकूम लिहून दिले. सकाळी डबे उठवायचा, संध्याकाळी झोपवायचा आणि तिसरा कोठीसकट सगळे साफ करायचा. तिसऱ्यापुढे तिने लाल शाईने लिहिले होते, 'मला विचारल्याशिवाय नाही.' शिवाय एक पेनड्राइव्ह देऊन सांगितले की दर रविवारी आकड्यांची एक प्रत यात घेऊन ठेवा. ताराचंदभाऊ दर रविवारी आंघोळ करून येत, पेनड्राइव्ह मला खोचत, हात जोडत, पाच मिनिटे थांबत आणि काढून घेत. प्रत घ्यायला एक बटण दाबावे लागते, हे त्यांच्या गावीही नव्हते. वातीने तेल ओढावे तसे आकडे आपोआप त्यात जात असतील, असे त्यांना वाटे.

माझे कौतुक मात्र जोरात सुरू झाले. जुनी वही ताराचंदभाऊंनी बंदच करून टाकली. लोक चहा प्यायच्या निमित्ताने यायचे आणि आपला खांब बघून जायचे. सगळ्यात जास्त यायचे मारोतराव. त्यांची जमीन तलावाच्या तुडुमाला लागूनच. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायचे दार. पाणी सुटले की पहिले त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मग खाली. त्यामुळे त्यांचा खांब सगळ्यात उंच होता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! येईल त्याला बोट दाखवून सांगायचे, "पाह्य, पहिला नंबर." उन्हाळ्यातल्या सभेत संस्थेने ठराव केला होता की तलावात पाणी कमी पडले तर ज्याचा खांब सगळ्यात ठेंगणा त्याला पहिले पाणी. त्या ठरावाखाली पहिली सही मारोतरावांचीच होती. वाचून सही करायची त्यांना सवय नव्हती.

आणि सगळ्यात कमी यायच्या कुंताबाई. त्यांची दीड एकराची बांधी पाटाच्या अगदी शेवटी, टेलवर. त्या आल्या तरी दारातूनच बघत. त्यांचा खांब एवढासा होता की मला त्यांच्यासमोर उजेड दाखवायला संकोच वाटे.

यंदा पोळा झाला आणि पावसाने दडी मारली. गणपती गेले, पितर जेवले, तरी आभाळ कोरडेच. लवकर येणारे हलके धान कसेबसे तरले, पण उशिरा येणारे जड धान पोटरीत आलेले होते, कणीस पोटातून बाहेर पडायच्या बेतात. अशा वेळी पाणी नाही मिळाले तर कणीस निसवते खरे, पण आत दाणा भरत नाही, नुसता पोचा. तलावात आता एकाच पाणपाळीपुरते पाणी उरले होते आणि तेही निम्म्याच शेतांना पुरेल इतके. ठरावाप्रमाणे माझ्या पडद्यावर बघून ते कोणाला द्यायचे हे रविवारच्या सभेत ठरणार होते. कुंताबाईंच्या घरी वर्षभर काय शिजणार, हे माझ्या पोटातल्या एका ठेंगण्या खांबावर येऊन थांबले होते. एवढी जबाबदारी माझ्यावर विमावाल्या साहेबांनीही कधी टाकली नव्हती.

शनिवारी काय घडले ते सांगताना माझा पंखा अजूनही जोराने फिरू लागतो. सोमवारी घट बसणार होते. घट बसायच्या आधी आमच्याकडे घराचा कानाकोपरा निघतो. भांडी तलावावर जातात, भिंती सारवल्या जातात आणि नवे धान घरात यायचे असते म्हणून कोठी रिकामी करून, झाडून, शेणाने सारवून ठेवतात. जुन्यावर नवे धान ओतणारा माणूस आळशी समजला जातो. ताराचंदभाऊंना कोणी आळशी म्हटलेले चालत नाही. त्यांनी सकाळपासून कचेरी धुतली, जाळी काढली, खुर्च्या पुसल्या, माझ्या फटीफटीतून कोंबडीच्या पिसाने धूळ काढली. मग माझ्यासमोर बसून ते विचारात पडले. बाहेरून तर झाले, आतल्या कोठीचे काय?

त्यांची नजर पुठ्ठ्यावरच्या तिसऱ्या हुकमावर गेली. लाल अक्षरेही त्यांनी वाचली. मोठ्याने वाचली.

"झाडू मारायले कोणी इचारते का?" असे म्हणून त्यांनी एका बोटाने तो हुकूम माझ्यावर टाइप केला.

मेघा हुशार पोरगी. तिने त्या हुकमात मुद्दाम एक अडसर ठेवला होता. मी पडद्यावर मराठीत विचारले, 'नक्की सगळे साफ करायचे का?'

"त्याच्यासाठीच तं बसलो, बाप्पा," ताराचंदभाऊ समाधानाने म्हणाले आणि त्यांनी 'हो' दाबले.

मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. ही माझ्या जातीची मोठी उणीव आहे. क्षणात कोठी रिकामी झाली. बेचाळीस खांब जमिनीला टेकले आणि पडद्यावर एक सरळ, स्वच्छ, रिकामी रेघ उरली. ताराचंदभाऊंनी ती पाहिली आणि "कसं लख्ख झालं!" म्हणून मला उदबत्ती ओवाळली.

रविवारी सकाळी मेघा बसमधून उतरून थेट कचेरीत आली. तिने मला उघडले, रेघ पाहिली, पेनड्राइव्ह लावला, तो रिकामा पाहिला आणि खुर्चीत बसली.

"काकाजी, आकडे कुठी गेले?"

"कोठी झाडली न, पोरी. उद्या घट आहेत."

मेघाने डोळे मिटून घेतले. तिने सावकाश सांगितले की या कोठीतले धान मागच्या वर्षीचे नव्हते, याच हंगामाचे होते आणि आजच लागणार होते. ताराचंदभाऊंच्या हातातला चहा लवंडला. सुदैवाने माझ्यावर नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना काय करावे सुचेना, म्हणून ते उठून पुन्हा खुर्च्या पुसू लागले.

तोवर लोक जमले होते. कचेरीच्या अंगणात पुरुष, ओसरीवर बाया, दाराशी मारोतराव. ताराचंदभाऊंनी हात जोडून सगळे कबूल केले. अंगणात एकच गलका उठला. मारोतरावांना दोनच दिवसांपूर्वी कोणीतरी ठराव वाचून दाखवला होता आणि तेव्हापासून त्यांनी आपल्या पहिल्या नंबराचे नाव काढले नव्हते. आता मात्र त्यांचा चेहरा एकदम हलका झाला.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "आता सगळ्याईचे खांब बरोबर. भांडण मिटलं. जुन्या रिवाजानं वरतून सुरू करा."

"वरतून सुरू केलं तं माह्यापर्यंत पाणी नाई येत, भाऊ," ओसरीवरून कुंताबाई म्हणाल्या. "नुसता ओला पाट येते."

मला त्या क्षणी माझ्या रिकाम्या पोटाची जी शरम वाटली, ती फळीवरच्या दोन वर्षांतही वाटली नव्हती.

मेघा उठली. तिने माझे तोंड अंगणाकडे फिरवले.

"डबे शाबूत आहेत, कोठी तेवढी रिकामी आहे," ती म्हणाली. "तं पुन्हा भरू. एकेकानं या आणि पोळ्यापासून किती डाव पाणी भेटलं ते सगळ्याईसमोर सांगा."

मग जे झाले ते तुम्ही पाहायला हवे होते. प्रत्येकाला आपला आकडा कमी सांगायचा होता, पण एकाने 'दोन' म्हटले की धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागलेला शेजारी 'चार' म्हणून ओरडे. तारखा कोणालाच आठवत नव्हत्या, पण बाकी सगळे आठवत होते. पहिले पाणी तान्ह्या पोळ्याला आले, पोरांचे लाकडी बैल पाटात वाहून गेले होते ना? तिसरे आले तेव्हा गणपती बुडवायचे होते. चौथ्या वेळी ताराचंदभाऊंची म्हैस पाटात फतकल मारून बसली आणि खालच्यांचे पाणी तिथेच अडले. हे ऐकून ताराचंदभाऊंनी दुसऱ्यांदा माफी मागितली. मेघा टाइप करत होती आणि एकेक खांब पुन्हा उभा राहत होता.

मारोतरावांची पाळी आली. त्यांच्या धुऱ्याला एका बाजूने तलावाची पार लागते आणि दुसऱ्या बाजूने पाट. ओरडायला शेजारीच नाही. त्यांनी घसा साफ केला.

"तीन."

"तीन कसे?" ओसरीवरून आवाज आला. त्या सीताबाई होत्या, मारोतरावांच्या पत्नी. "सहा डाव पाणी आलं. दर डावाले बांधीवरच्या माणसाईले शिदोरी मीच नेली न? तिसऱ्या डावाले लाखोरीची डाळ होती. मीठ कमी आहे म्हणून तुमीच बोंबलले. चौथ्याले जास्त टाकलं तं तवाही बोंबलले."

अंगण हसून हसून लोटपोट झाले. मारोतरावांनी टोपी काढली, आत बघितले, पुन्हा घातली.

"सहा लिह्य, मेघा," ते हळूच म्हणाले. माझ्या पडद्यावर त्यांचा खांब सरसर वर चढला आणि मागून कोणीतरी ओरडले, "पहिला नंबर!" तेव्हा मात्र मारोतरावांनाही हसू आवरेना.

शेवटी कुंताबाई आल्या. यावेळी त्या दारात थांबल्या नाहीत, थेट टेबलापर्यंत आल्या.

"दीड."

मेघाची बोटे थांबली. माझ्या पडद्याला अर्धा आकडा चालतच नव्हता. आधीच्या नोंदीत ताराचंदभाऊंनी त्यांच्या नावापुढे सरळ 'दोन' भरून टाकले होते.

"दोन लिहलं तं चालन का, काकू?"

"म्हैस बसली तवा अर्धंच आलं, बाई. दोन कसे लिहू? कमी करून एकही नको लिहू. जेवढं आलं तेवढंच लिह्य."

'एक' म्हटले असते तर त्यांचा खांब आणखी ठेंगणा झाला असता आणि कोणी हरकतही घेतली नसती. मेघाने सगळ्यांना चहा प्यायला सांगितले आणि पडद्याचा डबा मोडून, अर्धा आकडा घेणारा नवा डबा त्या जागी उभा केला. लोकांचे कप रिकामे व्हायच्या आत काम झाले. बाकीच्या दोन डब्यांना कळलेसुद्धा नाही. कुंताबाईंचा दीडाचा खांब बेचाळिसांत सगळ्यात ठेंगणा निघाला आणि सभेने हात वर करून ठरवले की पाणी टेलपासून सुरू करायचे.

सोमवारी तुडूम उघडले. वरच्या सगळ्या बांध्यांची तोंडे ताराचंदभाऊंनी स्वतः मातीने बुजवली आणि दोन दिवस पाटाच्या काठाने फिरत पहारा केला. मारोतरावांच्या बांधीचे तोंड बुजवताना तर स्वतः मारोतराव ढेकळे आणून देत होते, असे मी ऐकले. म्हशीला खुंट्याला दोन दावी लावली होती.

बुधवारी सकाळी कुंताबाई आल्या, बांधीतून थेट, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेल्या.

"आता कितीचा झाला माहा?"

ताराचंदभाऊंनी आकडा भरला. "अडीच."

खांब वर सरकला. कुंताबाई माझ्याजवळ वाकल्या आणि त्यांनी चिखलाचे बोट त्या खांबाच्या डोक्यावर टेकवले. बराच वेळ तसेच ठेवले. मग धानाकडे परत गेल्या.

मित्रांनो, आता माझे फार आयुष्य उरलेले नाही. हल्ली ताराचंदभाऊ पेनड्राइव्ह लावून बटण दाबतात आणि पडद्यावर 'झाले' येईपर्यंत हात जोडून उभे राहतात. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल तर त्याला ओल्या पोत्यात गुंडाळू नका, त्याच्यावर खर्रा ठेवू नका, त्याच्या पोटातल्या आकड्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवा. ते आकडे त्याचे नसतात, कोणाच्या तरी बांधीचे असतात. आणि पुसायच्या आधी एकदा विचारा. परवाच ताराचंदभाऊ फडके घेऊन माझी काच पुसायला आले. वरचा कोपरा पुसला, खालचा पुसला, आणि उजवीकडच्या सुकलेल्या चिखलाच्या ठशाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे वळून मोठ्याने विचारले, "हे पुसू का?" कचेरीत तेव्हा माझ्याशिवाय कोणी नव्हते. ते थोडा वेळ उत्तराची वाट पाहत उभे राहिले आणि मग तेवढी जागा सोडून त्यांनी बाकीची काच लख्ख पुसली.